पाटीवरचा आकडा

अप्पांना दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून राग यायचा. बटण चार वेळा दाबलं की लिफ्ट लवकर येते असं मानणाऱ्यांचा, आणि बाजारातून तयार कॉम्प्युटर उचलून आणणाऱ्यांचा. त्यांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी ते स्वतः मारत, आणि सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं तर लेक कडेवर असे. बघणारे घाबरत, पण अप्पा ढिम्म. आपल्या हातच्या कामावर आपलाच भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावा?

त्यामुळे लेकीनं नोकरी सोडून घरूनच कार्टून फिल्म करायचं ठरवलं, तेव्हा तिचा कॉम्प्युटर कोण जोडणार हा प्रश्नच नव्हता. जेवणाचं टेबल अप्पांनी ताब्यात घेतलं. घरातले ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले.

"अहो, निदान मिठापुरती तरी जागा सोडा," बायको म्हणाली.

"मीठ स्क्रूंत सांडलं तर गंज चढेल," अप्पा म्हणाले. विषय संपला.

एकेक भाग त्यांनी पारखून आणला. घोडं अडलं ते पॉवर सप्लायपाशी. पॉवर सप्लाय म्हणजे बाकीच्या सगळ्यांना वीज वाटणारा लोखंडी डबा. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, "अप्पा, हा नको. तुमचं ग्राफिक्स कार्ड खादाड आहे. जरा दमदार घ्या."

"अहो बाई, यावर सहाशे वॉट लिहिलंय, मला लागतात जेमतेम चारशे! लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं लिहितात, पण दोर त्याच्या कितीतरी पट पेलतो. पाटी नेहमी हातचं राखून बोलते."

बाईंनी हात टेकले. अशी चूक लिफ्टवालाच करू जाणे. दुसऱ्या कुणी पाटीवर एवढी श्रद्धा ठेवलीच नसती.

लेकीची ती पहिली स्वतंत्र फिल्म. पाठीवर घर असूनही घर शोधत फिरणाऱ्या गोगलगायीची. शनिवारी ती काम देणाऱ्यांकडे पोचायलाच हवी होती, नाहीतर पुढच्या सगळ्या भागांचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. बुधवारी सकाळी तिनं कॉम्प्युटरला शेवटची चित्रं तयार करायला लावली. पंखे घोंगावले, आणि स्क्रीन काळा ठिक्कर. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"बाबा, मी मैत्रिणीचा कॉम्प्युटर मागून आणते," ती म्हणाली. रागानं नाही, समजूत घातल्यासारखी. अप्पांना तेच जास्त लागलं.

"दुपारपर्यंत थांब," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या.

नुसता चालू ठेवला तर कॉम्प्युटर खुशाल चालत होता, ताण आला की मान टाकत होता. रिकामी लिफ्ट वर जाते आणि भरलेली बसते, तेव्हा दाराशी खटपट करायची नसते, ताकद कुठे कमी पडते ते बघायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी डबा सोडवला आणि भिंग लावून पाटी वाचली. मोठा आकडा सहाशेचाच होता. पण खालच्या बारीक अक्षरांत त्या सहाशेची वाटणी होती, आणि प्रोसेसर नि कार्ड ज्या बारा व्होल्टच्या लाइनवर जगतात, तिच्या वाट्याला निम्मेही आले नव्हते. बाकीचे वॉट नुसते शोभेचे.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," बायको मागून म्हणाली.

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यात खोटं काय होतं?

तडक दुकान गाठून ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं. आता मला पाटी खालून वर वाचू द्या." एकेक डबा उलटा करून त्यांनी बारीक अक्षरंच वाचली. ज्याची जवळजवळ सगळी ताकद बारा व्होल्टवर होती आणि वर भरपूर शिल्लकही होती, तो उचलला. बाई हसल्या. अप्पाही हसले, पण जरा उशिरा.

दुपारी जोडणी झाली. अप्पांनी खुर्ची ओढली. "आता आधी याला तासभर खोट्या कामानं घामाघूम करतो. टिकला तर तुझी गोगलगाय."

लेकीनं माउसवरचा त्यांचा हात हळूच बाजूला केला, फिल्म उघडली आणि खरं कामच सुरू केलं.

"अगं, चाचणी व्हायची आहे अजून!"

"लिफ्टची पहिली फेरी कोण मारायचं, बाबा?"

"मी."

"आणि कडेवर कोण असायचं? मी कधी विचारलं का, चाचणी झाली का म्हणून?"

एवढं मोठं बक्षीस अप्पांना उभ्या हयातीत मिळालं नव्हतं, आणि नेमकं चुकलेल्या कामानंतर मिळालं होतं. पंखे घोंगावू लागले. स्क्रीन काळा झाला नाही.

शुक्रवारी दुपारी गोगलगायीला घर सापडलं. तोवर अप्पा झोपण्यापुरतेच काय ते त्या खुर्चीवरून उठले. जेवलेही तिथेच, ताट मांडीवर घेऊन.