मास्क लावलेली अम्मा

श्रीशैलम हेल्मेट घालूनच आत आला. तो ऑटो चालवतो, त्यामुळे एरवी हेल्मेटशी त्याचा काही संबंध नाही. शुक्रवारची ओपीडी संपली होती. त्यानं दार लोटून घेतलं, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, "मॅडम, नाचते वक्त दम नक्को लगना. उतनाच कुछ दे दो."

ताप होता. खोकला कोरडा, छातीत शिट्ट्या. दमा त्याला लहानपणापासून होता आणि सिकंदराबादच्या त्या बस्तीत दोन आठवड्यांपासून फ्लू फिरत होता. मी तिथल्या सरकारी दवाखान्याची मेडिकल ऑफिसर. आठ वर्षं झाली होती, आणि श्रीशैलम त्या आठ वर्षांत पहिल्यांदाच पायरी चढला होता, तोही तोंड झाकून.

कारण सरळ होतं. रविवारी बोनालु, म्हणजे तिथला देवीचा उत्सव होता आणि श्रीशैलम बस्तीचा पोतराजू. आपल्याकडे मरीआईचा पोतराज असतो, तसाच. फरक इतकाच की हा देवीचा भाऊ. अंगाला हळद फासून, पायात घुंगरू बांधून, चाबूक फिरवत तो मिरवणुकीच्या पुढे नाचतो. लोक त्याच्या पाया पडतात, लेकरं त्याच्या मांडीवर देतात. दमेकरी फ्लूवाला माणूस, आणि वर लेकरं मांडीवर.

मी घशाचा स्वॅब घेतला. घशातून कापूस फिरवून लॅबला पाठवायचा, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो. गोळ्याही लगेच हातात ठेवल्या. फ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि दमेकऱ्याला रिपोर्टची वाट न बघता द्यावी लागते. त्यानं हात मागे घेतला.

"मैं अम्मा का भाई हूँ, मॅडम. मीच गोळ्या खाल्ल्या, तर बस्ती म्हणेल अम्माच्यानं काही होत नाही."

तो खोकल्याचं औषध घेऊन गेला. गोळ्या टेबलावरच राहिल्या.

शनिवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी झोनल ऑफिसर सरांना फोन केला. सर भला माणूस, पण कागदाला भिणारा. "मॅडम, ॲम्ब्युलन्स पाठवा, शिफ्ट करा. पॉझिटिव्ह माणूस मिरवणुकीत नाचला तर एक्स्प्लनेशन तुम्ही द्यायचं."

मी ॲम्ब्युलन्स पाठवली. सायरन बंद ठेवा, एवढं सांगायला विसरले. ही चूक माझी, सरांची नाही. भर दुपारी गल्लीत भोंगा वाजला आणि श्रीशैलम मागच्या दारानं पसार झाला. तासाभरात बस्तीत बातमी पसरली की अम्मा कोपली आहे, आणि सरकार तिच्या भावाला उचलून नेतंय.

त्यानंतर जे झालं ते तिथंच होऊ शकतं. घरात कुणाला देवी आल्या की दाराला कडुलिंब बांधायचा आणि औषध बंद करायचं, ही जुनी रीत. लोकांनी ती फ्लूला लावली. आमच्या आशाताई सुगुणा तापाच्या सर्व्हेसाठी घराघरांत फिरून परत आल्या. "मॅडम, कडुलिंब दिसेल तिथं ताप समजायचा ना? मग अख्ख्या बस्तीला ताप आहे. बोनालुचा कडुलिंब तर प्रत्येकच दाराला आहे." सर्व्हे बोंबलला. दार कुणी उघडत नव्हतं.

शेवटी संध्याकाळी मी श्रीशैलमच्या घरी गेले. त्याची आई बालम्मा उंबऱ्यात बसून मडक्याला चुना लावत होती. सत्तरी ओलांडलेली, बारीक, आवाज मात्र खणखणीत. आत तिची सून खोकत होती. मी सुनेला तपासलं. तिलाही ताप होता. तिला औषध दिलं, आणि उद्या गर्दीत जायचं नाही, असं सांगितलं.

बालम्मानं मडकं खाली ठेवलं. "मग आमच्या घरचं बोनम कोण उचलणार?"

बोनम म्हणजे देवीचा नैवेद्य. दूध-गुळात शिजवलेला भात मडक्यात भरायचा, वर दिवा पेटवायचा आणि ते डोक्यावर घेऊन देवळापर्यंत चालायचं. घरचं बोनम चुकलं तर वर्ष वाईट जातं, असं सगळे मानतात. चाळीस वर्षं ते बालम्मानं उचललं. आता ते सुनेचं काम होतं.

"माझ्या सुनेला तुम्ही घरी बसवलं, डॉक्टरम्मा," ती म्हणाली. "मग तिचं बोनम तुम्ही उचला. मी माझ्या पोराला नाचू देणार नाही. तो कुकटपल्लीला बहिणीकडे लपलाय. तिथंच राहील."

आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर आणि कारकून. देवापुढे उदबत्ती लावतो, तीही घाईत. डोक्यावर मी कधी छत्रीपेक्षा जड काही घेतलेलं नाही. पण तिचा हिशेब अगदी चोख होता. मी म्हटलं, "मी मास्क लावणार."

"लावा. अम्माला चालतं," बालम्मा म्हणाली. अम्माच्या वतीनं बोलायला तिला कुणाला विचारावं लागत नसे.

रविवारी हिरवी साडी नेसून, मास्क लावून मी उभी राहिले. सुगुणानं आणि बालम्मानं मिळून मडकं डोक्यावर ठेवलं. वर दिवा, खाली मी, आणि मधे माझी मान. दोन्ही हात वर गुंतलेले. नियम असा की देऊळ येईपर्यंत मडकं खाली ठेवायचं नाही. बायकांनी माझा मास्क पाहिला, आणि सुगुणाच्या पिशवीतले मास्क बघता बघता संपले. आठ वर्षं मी पोस्टर चिकटवत होते.

दुसरी रीत मला ठाऊक होती, पण अंगावर आली तेव्हाच कळली. बोनम डोक्यावर असेपर्यंत ती बाई अम्माच. दारादारातून बायका हंडे घेऊन आल्या आणि माझ्या पायांवर पाणी ओतू लागल्या. आदल्या दिवशी ज्यांनी सुगुणाच्या तोंडावर दार लावलं होतं, त्याच. मला संकोच वाटला. खरं सांगायचं तर छानही वाटलं.

आणि मग डप्पू, आपल्या हलगीसारखे, जोरात वाजायला लागले. समोरून श्रीशैलम आला. पिवळाधमक, कपाळभर कुंकू, हातात चाबूक. बहिणीची नजर चुकवून निघाला होता. त्यानं दोन गिरक्या घेतल्या, तिसरीला भिंत धरली. ओठ काळसर पडले होते. हळदीतूनही मला ते दिसलं.

माझे हात अडकलेले. त्याचं मनगट धरता येईना, छाती तपासता येईना. मला तेव्हा फार भीती वाटली. तेच तोंडून बाहेर पडलं.

"श्रीशैलम, बस बाबा खाली. मला भीती वाटतेय. तू मला जिता पाहिजेस."

तो मटकन बसला. डप्पू थांबले. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. बालम्मानं पुढे होऊन माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "अम्मा बोलली."

"अम्मा नाही, मी बोलले," मी म्हटलं.

"हौ, हौ," डप्पूवाला म्हणाला. माझ्या म्हणण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सुगुणानं ऑक्सिमीटर काढला. हा चिमटा बोटाला लावला की रक्तातला ऑक्सिजन कळतो. हळदीनं माखलेलं बोट आधी पुसावं लागलं. आकडा आला एक्क्याण्णव. पंच्याण्णवच्या वर हवा होता. मी म्हटलं, गोळी आत्ता, आणि इथून थेट हॉस्पिटल. श्रीशैलमनं आईकडे पाहिलं. "अम्माचा भाऊ निघून गेला तर पुढं कोण चालणार?"

"भाऊ आजारी असला तर बहीण काय त्याला नाचवते?" बालम्मा म्हणाली. तिनं त्याच्या हातातून चाबूक काढून घेतला. त्यानं सुगुणाच्या पिशवीतली गोळी तांब्यात उरलेल्या पाण्याबरोबर गिळली, सगळ्यांच्या देखत. त्याच्याच स्टँडवरच्या एका मित्राच्या ऑटोतून तो गेला. सायरन नव्हता.

मग डप्पू पुन्हा सुरू झाले आणि बालम्मा चाबूक फिरवत मिरवणुकीच्या पुढे निघाली. म्हातारी काय नाचली! शिट्ट्या, टाळ्या, पोरं वेडी झाली. मी मागून हसत चालले होते आणि दिवा पडू नये म्हणून हसू आवरत होते. त्यात बायका पाणी ओतता ओतता हळूच विचारू लागल्या. अम्मा, मुलीला तीन दिवस ताप आहे. अम्मा, नवरा खोकतोय, ऐकत नाही. मी मान न हलवता प्रत्येकीला एकच सांगितलं: उद्या दहा वाजता, दवाखान्यात, मास्क लावून.

सोमवारी साडेनऊलाच ओळ लागली होती. मी सुगुणाला विचारलं, एवढ्या लवकर कशी? "अम्मानं दहाची वेळ दिली होती म्हणतात, मॅडम. अम्माला उशीर चालत नाही." त्या ओळीत पोटुशा बायका होत्या, दमेकरी होते, म्हणजे फ्लू ज्यांना जड जातो नेमके तेच. बहुतेकांना गोळ्या वेळेत मिळाल्या. श्रीशैलम चार दिवस ऑक्सिजनवर होता. पाचव्या दिवशी घरी आला आणि आईनं त्याच्यापेक्षा चांगला नाच केला, हे ऐकून रुसला.

सरांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत माझा फोटो पोचला होता, मडक्यासकट. ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये हे कुठल्या हेडखाली टाकू?"

"हेल्थ एज्युकेशन," मी म्हटलं.

"ड्युरेशन?"

"दोन तास. उभ्यानं."

त्यांनी तसंच टाकलं. खरं तर त्या दोन तासांत शिकले मीच. डॉक्टरनं औषधाबरोबर आपली भीतीही पेशंटला थोडी सांगावी. नुसत्या हुकुमापेक्षा ती लवकर लागू पडते. आणि मडकं उचलायची वेळ आलीच, तर आधी आपली मान तपासून घ्यावी. माझी अजून दुखते.