वर्गमूळापर्यंत

जयनगरात आमच्या शेजारी बेळगावकडचे एक गृहस्थ राहत. चाळिशी उलटलेले, एकटे. एका सात आकडी संख्येला कशानंच भाग जात नाही ना, हे ते रोज संध्याकाळी भागाकार करून तपासत. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "स्वल्प थांबा, बाकी काढतोय." बाकी उरली की चेहरा खुललेला असे.

एका रविवारी ते म्हैसूरपाक घेऊन आले. माझ्या बायकोला वाटलं, लग्न ठरलं.

"मुलगी कुठली?"

"मुलगी नव्हे वहिनी, मूळ संख्या! वर्गमूळापर्यंत कुणाचाच भाग गेला नाही."

"आणि त्याच्या पुढं?"

"पुढं बघायचं कारणच नाही की हो. तोवर कुणी भेटलं नाही, तर नंतर भेटत नाही."

बायकोनं तरीही म्हैसूरपाक देवापुढं ठेवून हात जोडले. देवाला वर्गमूळ ठाऊक नसावं, एवढीच तिची आशा.