शाबासकी

चूक माझीच. आमच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांचे चेहरे नितळ करायची माझी बायको सुमन. ‘काय हात आहे तुमचा!’ ही शाबासकी मात्र वर्षानुवर्षं मी घेतली.

काल मुलांसोबत आम्ही सिनेमा पाहिला, आपल्याकडच्या एका सुरुवातीच्या चित्रपटकर्त्याच्या आयुष्यावर बेतलेला. पडद्यावर त्याची बायको अंधाऱ्या खोलीत बसून कोरी फिल्म यंत्रात सरकावी म्हणून तिच्या कडांना भोकं पाडत होती.

“हिला तरी कुणी पाहिलं म्हणायचं,” सुमन हसून पुटपुटली.

चित्र उजेडात येण्याआधी कितीजणी अशा अंधारात बसल्या असतील! मला राहवेना. मध्यंतरात मुलांसमोरच बोलायला लागलो.

“सुमन, ते सगळे चेहरे तू सुंदर केलेस आणि मी कुणाला सांगितलं नाही. मला माफ कर.”