अंबाडीचं पाणी

पालकाला देतात तेवढा मान देण्याचं कारण नाही, असा निकाल मी निवृत्तीनंतर दिला. पालकात लोह असतं, पण त्याच्यातलाच एक घटक ते अंगाला लागू देत नाही. कॅल्शियममध्ये तांदुळजा त्याच्या पुढे, शेवग्याचा पाला तर सगळ्यांच्या वर! आणि अंबाडीत असतं क जीवनसत्त्व, जे लोह अंगी लावतं. हे सगळं मी मोबाइलवर वाचून सुमनला, म्हणजे बायकोला, ती भाजी निवडत असताना ऐकवी. (निवडायची तिनं. मी फक्त तुलना करायची.)

एकच गोष्ट मला सहन होत नसे. अंबाडी उकडली, की सुमन तिचं पाणी पिळून काढी आणि त्यानं तांब्याचे हंडे घाशी. म्हणजे जीवनसत्त्व हंड्याला आणि चोथा नवऱ्याला!

मुलगी धुळ्याला दिल्यावर व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच जळगावला जेवायला आले. जळगावकरांना भरताशिवाय काही येत नाही, असं विहीणबाई लग्नातच बोलून गेल्या होत्या. सुमननं ते मनात ठेवलं होतं. त्या दिवशी तिनं भरीत मुद्दाम टाळलं आणि ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी केली.

ती पाहुण्यांची विचारपूस करायला बाहेर गेली, तेवढ्यात मी बाजूला काढलेलं ते सगळं पाणी भाजीत ओतून ढवळलं. सुमन परत येऊन भाकऱ्या थापायला बसल्यावर वाढायचं कामही मीच मागून घेतलं. (तिला कौतुक वाटलं. बिचारी!)

वाढून मीही पंगतीत बसलो. पहिल्याच घासाला व्याह्यांचा डावा डोळा मिटला. "आंबट शे थोडी," ते म्हणाले आणि तांब्यातलं पाणी संपवलं. विहीणबाईंनी वाटी हळूच ताटाबाहेर सरकवली.

गरम भाकरी घेऊन आलेल्या सुमननं ते पाहिलं, आत जाऊन थेंबभर भाजी तळहातावर घेतली, चाखली आणि दारातून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचीच मला भीती वाटली. तिनं वाट्या उचलल्या, पातेल्यात शिजलेली तुरीची डाळ घोटून घातली, दाण्याचं कूट, गुळाचा चांगला मोठा खडा, वरून लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी. पाहुण्यांचं ताक पिऊन होईतो नव्या वाट्या ताटात आल्या.

व्याह्यांनी भाजीत भाकरी चुरली आणि बोलणंच थांबवलं. विहीणबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली, मग ही कशी केली ते विचारलं. मी ताटात मान घातली.

"पाणी टाकायचं नाही, असं यांचं म्हणणं," सुमन म्हणाली. "सत्त्व जातं त्यात. पालेभाज्यांचा फार अभ्यास आहे यांचा."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर मान वर होईना.

तेव्हापासून पार दोंडाईच्यापर्यंतच्या सोयऱ्यांत मी पालेभाज्यांतला जाणकार आहे. आज लिहूनच टाकतो: भाजी मी घालवली, तिनं सावरली आणि वर मानही मलाच दिला. पण ऐकतं कोण? विहीणबाईंचा अजून फोन येतो, "भाऊ, शेपूचं पाणी ठेवायचं का टाकायचं?" मी "एक मिनिट हं" म्हणून उठतो. त्यांना वाटतं, भाऊ चष्मा शोधत असतील.

मी बायको शोधत असतो.