नवरीची अंगठी, माझी करंगळी

साखरपुड्यात अंगठी नवरीच्या बोटात जाते, असा सर्वसाधारण रिवाज आहे. माझ्या साखरपुड्याच्या सकाळी ती माझ्या करंगळीत होती आणि तिथून निघायला तयार नव्हती.

होणारी बायको, शारदा, दौंडला दवाखान्यात नर्स. तिने फोनवर आधीच बजावलं होतं, "रोज वापरता येईल अशी घ्या. खडा नको, ग्लोव्ह्ज फाटतात." म्हणून मी शिरूरच्या सराफाकडून साधं, गुळगुळीत वळं आणलं. आईने कपाळाला हात लावला.

"आरं, ही अंगठी हाय का नळाचा वायसर? सून आणायचीय का प्लंबर?"

मी शिक्रापूरजवळ एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तपासल्याशिवाय माल पास करायचा नाही, हा आमचा धर्म! आदल्या दिवशी वळं करंगळीत घातलं. (जोर लावावा लागला. शहाण्या माणसाने तिथेच थांबावं.) मग म्हशीची धार काढली, कणीक मळली, भांडी घासली. एवढी कामं मी जन्मात केली नव्हती. आई धन्य झाली! शेवटी मजबुती बघायला हात गोठ्याच्या लोखंडी दारावर आपटला. वळ्यावर ओरखडासुद्धा नाही. मी मात्र असा ओरडलो, की म्हशीने पुढचे दोन दिवस दूध कमी दिलं.

सकाळपर्यंत करंगळीचा अंगठा झाला होता!

साबण झाला, खोबरेल झालं, तूप झालं. मामांनी ओढलं, मी अख्खा सरकलो, वळं नाही.

"सोनाराकडून कापून आणू," मामा म्हणाले.

"कापलेली अंगठी घालायची? आज?" आई कडाडली.

वडील शांतपणे म्हणाले, "मंग ह्यालाच शालू नेसवा आन् बसवा पाटावर."

तेवढ्यात दौंडची मंडळी आमच्या गावी, निमोण्यात आली. मी हाताला रुमाल गुंडाळून शारदाशेजारी बसलो. हळदीकुंकू झालं, ओटी भरून झाली. "हं, घाला आता अंगठी," कुणीतरी म्हणालं. मी हललो नाही.

शारदाने हळूच विचारलं, "विसरलात का?"

"न्हाई. हाय ना... म्हंजी, मीच घातलीय."

तिने रुमाल सोडला. करंगळी पाहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. मागे तिचे काका कुजबुजलेच, "पोरगा बरा हाय ना डोक्यानं?"

"शिवणाचा दोरा द्या कुणीतरी," शारदा म्हणाली. दोऱ्याचं टोक वळ्याखालून ओढलं, उरलेला दोरा बोटावर घट्ट गुंडाळला आणि मग ते टोक धरून उलटा सोडत गेली. वळं फेऱ्याफेऱ्याने वर सरकू लागलं.

"आई गं!"

"झालंच हं, झालंच. लांब श्वास घ्या," ती म्हणाली. दवाखान्यात लहान मुलांना म्हणत असेल, अगदी तसं!

वळं सुटलं. टाळ्या पडल्या. तिने ते धुतलं, पुसलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि स्वतःचं बोट पुढे केलं. आज पाच वर्षं ते तिच्या हातात आहे.

अंगठी घालतानाचा फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय. पाहुणे हमखास विचारतात, "नवरी हसतीय, मग नवरदेव का रडतोय?"

शारदा चहाचा कप पुढे करत सांगते, "फार हळवे हायत ते."