तुलनेचा तुकडा

दोन हजार सालच्या आगेमागे मी शहापुरातल्या एका लहानशा संस्थेत कामाला होते. शेतीला पाणी कमी कसं लागेल याचे प्रयोग शेतकऱ्यांनीच ठरवायचे, त्यांनीच करायचे, आणि त्यासाठी दिल्लीहून येणारं अनुदान मी सांभाळायचं, असं ते काम. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जायचं. उरलेल्या पाण्यात कसं भागवावं, याचं संशोधन आमच्याकडे होतं.

डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर एक जोडपं राहायचं. भात निघालं की ते ओढ्याजवळच्या तुकड्यात भेंडी लावायचे. पाणी बायको हंड्याने घालायची. नवरा सकाळी आटगावजवळच्या कारखान्यात जायचा आणि शेतीबद्दलची मतं संध्याकाळी परत आल्यावर मांडायचा.

प्रयोग बायकोने सुचवला. भेंडीच्या बुडाशी पेंढा पसरला की माती उशिरा सुकते, मग पाणी कमी लागेल, असं तिचं म्हणणं. बैठकीत ते सगळ्यांना पटलं, नवरा सोडून.

"पेंढा बैलांचा हाय," तो म्हणाला.

"मग पाला घालते."

"पाला राबाला लागतो."

तेही खरं होतं. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला पाला लागतोच.

"बैल खात नायत, पायाखाली तुडवतात, तो पेंढा घालते," ती म्हणाली. "तो कोणाचा?"

त्याने विडी पेटवली. मी ती संमती धरली आणि प्रस्ताव पाठवला.

दिल्लीची एक अट आली. तुलनेसाठी त्याच शेताचा अर्धा भाग जुन्या पद्धतीने करायचा. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. तो अर्धा भाग आपला, असं त्याने जाहीर केलं आणि रविवारी शेताच्या मधोमध बांध घातला. पाणी मात्र दोन्हीकडे बायकोच घालत राहिली, कारण तो कामावर असायचा.

हंगाम संपला तेव्हा भेंडी दोन्हीकडे सारखीच निघाली होती. तिच्या भागाला पाणी मात्र बरंच कमी लागलं होतं. दिल्लीहून एक अधिकारी बघायला आले. सभ्य माणूस, हिंदीत बोलायचे. वाचलेल्या वेळात बाई काय करतात, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. मी विचारलं.

"बसते," ती म्हणाली.

बसून काय करता, असा पुढचा प्रश्न आला.

"काय नाय. बसते."

मी तेवढंच हिंदीत सांगितलं. पुढे दिल्लीहून पत्र आलं. निकाल उत्साहवर्धक आहेत, असं त्यात होतं. वाचलेला वेळ एखाद्या उत्पन्नाच्या कामाकडे वळवता येईल का, तेही पाहावं, असंही होतं. मी पाहते असं कळवलं, आणि पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी माघात मी पाड्यावर गेले, तर नवरा स्वतःच्या अर्ध्या भागात ओणवा होऊन पेंढा पसरत होता. चांगला, बैल खातील असा पेंढा. बांध मोडला होता. तुलनेचा भाग नसेल तर अनुदानाचा पुढचा हप्ता येणार नव्हता, आणि त्या हप्त्यावर आणखी काही पाड्यांचे प्रयोग उभे होते.

"दादा, थोडा कोपरा तरी उघडा ठेवा," मी म्हणाले. "पहिल्यासारखं भरपूर पाणी घाला तिथे."

तो सरळ उभा राहिला. "ताई, कमी पाण्यात व्हतंय हे तुमीच लिवलंत ना?"

"हो."

"आणि आता तुमीच सांगता पानी सांडा?"

"कमी म्हणजे कशाहून कमी, ते दाखवायला लागतं."

"आमाला कळलंय."

"दिल्लीला अजून एक वर्ष लागेल."

पाणी वाचवा हे सांगण्याचा मला पगार होता. भर उन्हात उभी राहून मी उलटं सांगत होते आणि माझे कान तापले होते. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत होता, आजारी माणसाकडे बघावं तसा.

तेवढ्यात बायको आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ठेवू कोपरा," ती म्हणाली. "पन तिथलं पानी मी नाय घालणार. ह्यांचा भाग, हे घालतील."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पाणी कोणी घालायचं याबद्दल दिल्लीची काही अट नव्हती. मी म्हणाले, चालेल.

डोक्यावर हंडा घ्यायला तो लाजत होता, म्हणून त्याने बांबूची कावड केली. कामावरून आला की कपडे बदलायचा आणि ओढा ते शेत अशा खेपा घालायचा. येणारेजाणारे थांबून चौकशी करायचे. पहिले काही दिवस त्याने त्यांना तुलना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नंतर तो नुसतंच "सरकारी काम हाय" म्हणायला लागला. चैत्रात त्याचा खांदा धरला. बायकोने तेल चोळून दिलं, पण कावड उचलली नाही.

हप्ता वेळेवर आला. पावसाच्या तोंडावर पुढचे प्रयोग ठरवायला बैठक घेतली, तेव्हा तो आपणहून उठला. वरच्या झऱ्यापासून शेतापर्यंत पाइप टाकावा, पाणी उतारानेच येईल, असं त्याने सुचवलं. कारण काय लिहू, असं मी विचारलं.

"बायकांच्या डोक्यावरचा भार कमी व्हईल," तो गंभीरपणे म्हणाला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी पेन धरून तिच्याकडे पाहिलं.

"लिवा ताई," ती म्हणाली. "पाइप येऊ दे."