मजलिसची रुंदी

दोहाच्या जुन्या बाजारामागे भिंतीला भिंत लागून उभी असलेली चार घरे होती. त्यातल्या तिसऱ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षे भाड्याने राहिलो. नवऱ्याच्या कंपनीतली बाकीची मराठी कुटुंबे अल हिलाल किंवा अल नस्रच्या फ्लॅटमध्ये राहत. आमचा पत्ता ऐकला की ती विचारत, "तिथे एसी चालतो का नीट?" चालत असे. भिंती इतक्या जाड होत्या की तो फारसा लावावा लागत नसे.

घरमालक सत्तरीचे कतारी गृहस्थ होते. त्यांचा जन्म याच घरातला. कुटुंब केव्हाच शहराबाहेरच्या व्हिलात गेले होते, पण खालची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. शुक्रवारी नमाजानंतर दोन मित्रांना घेऊन ते तिथे बसत. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईत राहिल्यामुळे माझ्याशी हिंदीत बोलत, मला 'बहन' म्हणत आणि माझा चहा मुंबईपेक्षा कमी गोड असल्याची तक्रार दर आठवड्याला करत.

कतारला वर्ल्ड कप मिळाला आणि आजूबाजूच्या गल्ल्या पाडल्या जाऊ लागल्या. आमची चार घरे मात्र वारसा यादीत घ्यायचे ठरले. मालकांनी संमतीच्या कागदावर लगेच सही केली. यादीत नाव आले की मजलिसला कोणी हात लावणार नाही, असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले.

पाहणीला आलेला आर्किटेक्ट पुण्याचा निघाला. तरुण, कामाला चोख. दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. मी पूर्वी नाशिकला अकरा वर्षे वर्तमानपत्रात होते. नोंदी नीट घेते हे त्याच्या लक्षात आल्यावर मोजमापाचे थोडे काम त्याने माझ्याकडे दिले.

घर समुद्रातून काढलेल्या प्रवाळी दगडाचे होते, वरून जिप्समचा गिलावा. छताला आफ्रिकेतून जहाजाने आणलेले खारफुटीचे वासे. हे वासे जेमतेम तीन मीटर भरतात, म्हणून त्या घरातली एकही खोली त्याहून रुंद नव्हती. मजलिसची रुंदी मी दोनदा मोजली. चार मीटर दहा सेंटिमीटर.

मालकांना विचारले. मित्र उठून जाईपर्यंत ते थांबले, मग सांगितले. त्यांच्या तरुणपणी एका हिवाळ्यात पावसाने जुनी मजलिस कोसळली. वडील तेव्हा डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईत होते. दृष्टी वाचली नाही. ते परत येण्याआधी तिघा भावांनी सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली उभारली, लोखंडी गर्डर मिळाले त्या मापाची, म्हणून थोडी अंगणात शिरलेली. वर जिप्सम लिंपले आणि नक्षीची जुनी पटले पुन्हा भिंतीत बसवली. वडील नक्षी हाताने चाचपत आणि आपल्या जागी बसत.

"वालिद पूछते थे, तुम्हारी आवाज़ इतनी दूर से क्यों आती है? हम कहते, आपके कान बूढ़े हो गए."

ते हसले. मग म्हणाले, "यह बात इसी कमरे की है, बहन."

पुढच्या शुक्रवारी मी आमटी वाढत असताना आर्किटेक्ट म्हणाला, "वहिनी, मजलिसचं माप बसत नाही हो कशात."

"ऑफ द रेकॉर्ड सांगते," मी म्हणाले.

"माझ्या पोटात राहील."

मी सांगितले. का सांगितले, याचे खरे उत्तर एवढेच आहे की नोंदीत न जुळणारे माप ठेवणे मला जमत नव्हते.

महिन्याभराने अहवाल आला. मजलिसबद्दल त्यात तीन वाक्ये होती. ही नंतरची, सिमेंट ठोकळ्यांची भर आहे. रहिवाशांकडून दुजोरा मिळाला आहे. ती काढून मूळ अंगण मोकळे करावे.

"ऑफ द रेकॉर्ड होतं ते," मी त्याला म्हणाले.

"मी काय पेपरात छापलं का, वहिनी? रिपोर्ट आहे तो. आणि संशय मला होताच. तुमच्याकडून फक्त कन्फर्म झालं."

दुसऱ्या माणसाचा दुजोरा. वर्तमानपत्रात आम्हीही त्याशिवाय बातमी सोडत नसू.

"तुमचं नाव कुठे घातलंय?" तो म्हणाला.

त्या घरात रहिवासी म्हणून आम्हीच होतो. त्याने भात संपवला, ताट उचलून मोरीत ठेवले आणि गेला. त्यानंतर आला नाही.

मालकांना घर रिकामे करण्याची नोटीस मिळाली त्या शुक्रवारी ते मजलिसमध्ये एकटे बसले होते. मी चहा नेला. त्यांनी आर्किटेक्टबद्दल विचारले, "मुहंदिस को दीवार के अंदर का कैसे पता चला?"

"मैंने बताया."

त्यांनी मान हलवली. नक्षीच्या पटलाकडे पाहत चहा संपवला. गोडीबद्दल काही बोलले नाहीत.

आम्ही अल हिलालला फ्लॅट घेतला. किल्ली द्यायला गेले तेव्हा खालचे दार उघडे होते आणि पटले काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. मालकांनी किल्ली घेतली. नऊ वर्षांत प्रथमच ते माझ्याशी इंग्रजीत बोलले.

"थँक यू, मॅडम," ते म्हणाले.